दादरच्या वाचनालयातली रविवारची 'पालक वाचन' बॅच : ५ पैकी ४ स्टार

सहा रविवार, माणशी ६०० रुपये, पुस्तकाचं डिपॉझिट २०० वेगळं आणि ते पुस्तक परत केलं की तिथल्या तिथे हातात मिळतं. दादर वेस्ट, केशवसुत पुलाखालून फुलमार्केट ओलांडून सात-आठ मिनिटं चालत, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वाचनालयाचं नाव इथे लिहू नका असं ग्रंथपाल काकांनीच सांगितलंय कारण खुर्च्या वीस आहेत आणि त्यांना एकदम पन्नास लोक आलेले झेपणार नाहीत, पण कोणाला खरंच जायचं असेल तर मला विचारा, मी पत्ता देते.

मी का गेले ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर स्टार कशाला दिले ते कळणार नाही.

माझी लेक यंदा नववीत गेली. शाळा इंग्लिश मिडियम, नाव नको. इंग्लिशला त्यांनी टू किल अ मॉकिंगबर्ड ही अमेरिकन कादंबरी वाचायला लावली. जुलैमधे एका रात्री साडेअकराला पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला, एका पानाचा, तोही अर्ध्याच पानाचा, कडेला कोणाचातरी अंगठा, आणि दोन ओळी पिवळ्या हायलाइटरने रंगवलेल्या. कोर्टातली साक्ष होती, एक बाप आपल्या मुलीवर अत्याचार झाला असं सांगतोय आणि अत्यंत घाणेरड्या भाषेत सांगतोय. खाली लिहिलेलं, हे आपल्या मुलांना शिकवणार का? सकाळी उठून बघते तर दीडशेच्या वर मेसेज. तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपलना द्यायचं निवेदन तयार, पुस्तक अभ्यासक्रमातून काढा म्हणून, आणि खाली सह्या. मी पण सही केली. त्या पानाच्या आधीचं पान वाचलं नव्हतं, नंतरचं नाही, पुस्तक कोणी लिहिलंय तेही मला माहीत नव्हतं. ऑफिसला जाता जाता लोकलमधे उभ्या उभ्या ओके लिहून टाकलं.

रात्री जेवताना लेकीला सांगितलं की असं असं चाललंय, तू ते पुस्तक बाजूला ठेव. तिने मेच्या सुट्टीतच वाचून संपवलं होतं. फोटो बघितला आणि म्हणाली, आई हा सतरावा चॅप्टर आहे, आणि हा माणूस इथे खोटं बोलतोय, अख्खं पुस्तक त्याच्या या खोटं बोलण्यावर तर आहे.

मी गप्प बसले. ज्या दोन ओळींवरून आम्ही सगळे पेटलो होतो त्या एका खोटारड्या साक्षीदाराच्या तोंडच्या होत्या, आणि आम्ही निवेदनात लिहिलं होतं की पुस्तकात असं असं 'सांगितलंय'.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने या बॅचबद्दल सांगितलं. ती आधीच्या बॅचला जाऊन आली होती. शाळेत लावलेलं एखादं पुस्तक, ज्यावरून पालकांमधे वाद झालाय असंच पुस्तक ते मुद्दाम घेतात आणि पालकांनाच बसून वाचायला लावतात. मुलांना प्रवेश नाही. यावेळी नेमकं हेच पुस्तक होतं, आमच्यासारखीच कुरबुर अजून दोन-तीन शाळांमधे चालू होती म्हणे.

शिकवतात ते सर महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, सत्तरीच्या पुढचे, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक लांब नोंदवही टेबलावर ठेवली, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात चार रकाने आखलेले. पान, ओळ, हरकत, आणि चौथा रकाना कोरा. म्हणाले, ज्याला ज्याला हरकत आहे त्याने आजच लिहा, लाजू नका, हरकत घेणं हा पालकाचा हक्क आहे आणि तो मी मानतो. फक्त एक अट, चौथा रकाना सहाव्या रविवारी भरायचा, पुस्तक एकतिसाव्या चॅप्टरपर्यंत संपल्यावर. मधे त्या हरकतीवर चर्चा नाही. सतरा जण होतो आणि अकरा जणांनी लिहिलं. मी लिहिलं, बलात्काराचा विषय, चौदा वर्षांच्या मुलांसाठी योग्य नाही. पान नंबर लिहायला गेले तर मला तो माहीत नव्हता, फोटोत पान नंबर कापला गेला होता. सरांनी ते बघितलं पण काही बोलले नाहीत, तिथे एक बारीक रेघ मारून ठेवायला सांगितली.

नोंदवही का ठेवलीय तेही त्यांनी सांगितलं. अमेरिकेत लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज म्हणून एक शाळा मंडळ होतं, १९७५ मधे त्यातले काही सदस्य पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेला गेले आणि तिथून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले, यादीबरोबर त्या पुस्तकांतले निवडक उतारे. त्यावरून शाळेच्या लायब्ररीतून नऊ पुस्तकं काढली. मुलंच कोर्टात गेली, आणि १९८२ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा मुलांच्या बाजूने कौल दिला. मला ते ऐकताना आमचा ग्रुप आठवत होता. उतारे तेव्हा कागदावर टाइप केलेले होते, आमच्याकडे मोबाइलवर फोटो होता, एवढाच काय तो फरक.

आणि हेच पुस्तक घ्यायचं तर १९६६ मधे व्हर्जिनिया राज्यात हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळावरच्या एका डॉक्टरांनी आपल्या मुलाने घरी आणलेली प्रत चाळली आणि अनैतिक आहे म्हणून ठरवलं, मंडळाने पुस्तक काढलं. लेखिका हार्पर ली यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, सोबत थोडे पैसे पाठवले आणि लिहिलं की या पैशातून मंडळाच्या सभासदांना कुठल्याही शाळेत पहिलीत घाला. सर हे सांगताना आमच्यातले काही हसले, मला हसू आलं नाही. तो डॉक्टर माझ्यासारखाच असणार, पोराच्या काळजीपोटीच त्याने पुस्तक उघडलं असणार.

आता जे खरं सांगायचंय ते. तिसरा रविवार. चौदावा चॅप्टर.

त्यात असं आहे की गोष्ट सांगणारी मुलगी स्काउट, आठ-नऊ वर्षांची, रस्त्यात लोकांच्या तोंडून एक शब्द ऐकते. तिचा बाप वकील आहे आणि त्याने ज्या काळ्या माणसाचं वकीलपत्र घेतलंय त्याच्यावर हाच आरोप आहे. तिने आधी घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारलेलं असतं, बलात्कार म्हणजे काय. ती बाई म्हणाली होती, बाबांना विचार. रात्री ती बाबांना विचारते. बाप पेपर वाचत बसलेला, उसासा टाकतो आणि कायद्याच्या भाषेत सरळ एका वाक्यात सांगतो, की बळजबरीने, स्त्रीच्या संमतीशिवाय केलेला संबंध. मुलगी म्हणते, एवढंच आहे तर मग मी विचारलं तेव्हा तिने मला गप्प का केलं?

सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आता प्रत्येकाने सांगायचं, तुमच्या मुलीने किंवा मुलाने हाच प्रश्न विचारला तर तुम्ही मराठीत काय उत्तर द्याल. नीट वाक्य पाहिजे.

सतरा मोठी माणसं, कोणी बँकेत, कोणी नर्स, एक जण कोर्टात क्लार्क, आणि पंख्याचा आवाज सोडला तर खोलीत काही नाही. मग हळूहळू एकेक जण बोलायला लागलं. एक काकू म्हणाल्या, वाईट काम. एक जण म्हणाले, तसलं काहीतरी. एकीने सांगितलं अब्रू जाते तिची. मी म्हणाले, इज्जत लुटली. म्हणजे माझ्या तोंडून हेच आलं, विचार करायच्या आधी. सरांनी सगळं फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं. मग अब्रू आणि इज्जत या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि विचारलं, गुन्हा कोणी केला? आणि गेलं कोणाचं? तुमच्या वाक्यात गुन्हेगार कुठेच नाहीये, फक्त मुलीचं काहीतरी गेलंय. मग खाली त्यांनी बलात्कार लिहिलं आणि खडूने फोडून दाखवलं, बलात् आणि कार, म्हणजे बळाने केलेलं. यात जोर कोणी केला तेच सांगितलंय, अब्रूचा संबंध नाही. आपण ज्याला घाण शब्द समजून पोरांसमोर टाळतो तो आपल्याकडचा त्यातल्या त्यात न्यायाचा शब्द आहे असं ते म्हणाले.

त्या दिवशी परत येताना मी दादरला स्लो पकडली मुद्दाम, म्हणजे मुलुंडपर्यंत बसून विचार करायला वेळ मिळावा. माझी लेक चौदा वर्षांची आहे, रोज एकटी बसने क्लासला जाते. तिच्या शाळेतच पोक्सोचं सेशन होतं, २०१२ चा कायदा आहे तो, अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी, तिथे पोलीस मॅडम हाच शब्द वापरून सांगून जातात आणि आम्ही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. तोच शब्द गोष्टीत आला की आम्ही निवेदन देतो. आणि गोष्टीत निदान एक बाप आहे जो उत्तर देतो. मी चौदा वर्षांत एकदाही दिलं नव्हतं. त्या रात्री दिलं, स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता, सरांनी फळ्यावर लिहिलं तसंच. ती म्हणाली, मला माहितीये आई. पण मग बराच वेळ तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली आणि शाळेच्या बसमधल्या एका गोष्टीबद्दल बोलली जी तिने मला आधी सांगितली नव्हती. ती गोष्ट इथे लिहिणार नाही. पण या बॅचचे ६०० रुपये माझे त्या एका रात्रीत वसूल झाले.

चौथा रविवार जड गेला. पुस्तकात काळ्या लोकांसाठीची जी शिवी आहे ती खूप वेळा येते. आमच्यात चेंबूरहून येणाऱ्या एक ताई होत्या, त्यांनी पण त्यांच्या शाळेच्या निवेदनावर सही केली होती आणि मी समजत होते की माझ्याच कारणासाठी. त्यांची हरकत पूर्ण वेगळी होती. त्या म्हणाल्या, माझ्या वडिलांना गावच्या शाळेत जातीवरून हाक मारायचे, मास्तर पण तशीच हाक मारायचे. आता माझा मुलगा वर्गात बसलाय आणि बाई ही शिवी मोठ्याने वाचतायत, आणि मागच्या बाकावरचं पोरगं ती उचलून दुसऱ्या दिवशी कोणाला तरी देणार. पुस्तक चांगल्या हेतूने लिहिलंय मान्य, पण ज्याला तो शब्द लागतो त्याने वर्गात कुठे बघायचं?

कोणाकडेच लगेच उत्तर नव्हतं. सरांकडे पण नव्हतं, आणि मला त्यांचं ते आवडलं की त्यांनी असल्याचा आव आणला नाही. त्यांनी सांगितलं की ही अडचण अमेरिकेतही आलीय. २०१७ मधे मिसिसिपीतल्या बिलॉक्सीमधे आठवीच्या वर्गातून हे पुस्तक काढलं, भाषेमुळे लोकांना अस्वस्थ वाटतं म्हणून. २०२२ मधे वॉशिंग्टन राज्यात मुकिल्टिओ इथे नववीच्या सक्तीच्या यादीतून काढलं, पण तिथे मागणी शिक्षकांचीच होती, की काळ्या माणसांची गोष्ट असून सगळं बोलणं गोऱ्या वकिलाच्या तोंडी आहे, आणि ज्याला शिकवायचंय तो शिक्षक अजूनही शिकवू शकतो असं ठेवलं. म्हणजे १९६६ मधे एका टोकाकडून हरकत आणि पन्नास वर्षांनी बरोब्बर दुसऱ्या टोकाकडून, पुस्तक तेच.

आमच्या बॅचमधे नियम असा ठरला की वाचताना ती शिवी आली की वाचणाऱ्याने थांबायचं, शब्द गिळायचा, डोळ्यांनी वाचायचा आणि पुढे जायचं. करून बघितलं. एका पानावर तीनदा थांबावं लागलं आणि ते थांबणं कानाला इतकं खुपत होतं की शब्द उच्चारला असता तरी एवढं खुपलं नसतं कदाचित. ताईंनी सहाव्या रविवारी चौथ्या रकान्यात लिहिलं, हरकत कायम, पुस्तक ठेवा, मोठ्याने वाचू नका. मला वाटतं त्या बॅचमधलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं. आमच्या शाळेच्या निवेदनात अशी हरकत कोणी मांडलीच नाही, कारण आमच्या ग्रुपवर तशी हरकत असणारं कोणी असेल हा विचारच आम्ही केला नव्हता.

पाचव्या रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक, मी पाऊण तास उशिरा पोचले, अर्धं निघून गेलं. जे मिळालं त्यात मुंबईच्या गोष्टी होत्या. कुलाब्यात हॅपी बुक स्टॉल म्हणून एक दुकान होतं, लेडी चॅटर्लीज लव्हर ही इंग्लिश कादंबरी विकली म्हणून दुकानाच्या मालकांवर अश्लीलतेचा खटला, आणि १९६४ मधे सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली, रणजित उदेशी केस. आणि दुसरी तर आपल्या मराठीतलीच, चंद्रकांत काकोडकरांची श्यामा नावाची गोष्ट रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, त्यावर अश्लीलतेचा खटला, हायकोर्टाने दोषी धरलं आणि १९६९ मधे सुप्रीम कोर्टाने सोडलं. तिथे कोर्टाने साधारण असं म्हटलं की नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून कुमारवयातल्या मुलांनी वाचू नये असं ठरवलं तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. मी काकोडकरांची पुस्तकं लहानपणी मामाकडे बघितल्याचं आठवतंय, पण त्यांच्या नावाची सुप्रीम कोर्टात अशी केस आहे हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. २०१० मधे मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची सच अ लाँग जर्नी ही कादंबरी बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या यादीतून वर्षाच्या मधेच काढली तोही विषय निघाला आणि त्यावर दोन काकांचं जे भांडण जुंपलं त्यात वीस मिनिटं गेली, सरांनी ते आवरायला पाहिजे होतं.

शेवटच्या रविवारी पुस्तक संपवल्यावर सरांनी दया पवारांचं बलुतं हे दलित आत्मकथन आणलं, वाचनालयाचीच प्रत, खाकी कव्हर, कोपरे मऊ झालेले. मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, इतक्या की पुठ्ठा फुगलाय. १९७८ चं पुस्तक. सरांनी विचारलं बलुतं म्हणजे काय, तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नाही. गावाची कामं करणाऱ्याला पिकातला मिळायचा तो वाटा. नागपाड्याजवळची कावाखाना ही वस्ती त्यात आहे, म्हणजे आमच्या सेंट्रल लाइनवरून भायखळ्याला उतरलं की चालत जाता येईल एवढ्यावर. अलाबामाच्या कोर्टात एका निरपराध काळ्या माणसाला शिक्षा होते ते वाचून आमच्यातल्या तीन-चार जणी रडल्या होत्या, मी पण. त्या माणसाचा डावा हात लहानपणी मशीनमधे सापडून निकामी झालेला, आणि मार आरोप करणाऱ्या मुलीच्या उजव्या गालावर, म्हणजे मारणारा डावखुरा, सगळ्यांना दिसतंय आणि तरी ज्युरी दोषी म्हणते. ते वाचून रडणं सोपं होतं. बलुतं वाचताना कोणी रडलं नाही, सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

आता एक स्टार का कापला ते. प्रती फक्त तीन आणि बॅचला सतरा माणसं, म्हणजे बाकीच्यांनी विकत घ्या नाहीतर पाळीपाळीने घरी न्या, मला दुसरा आठवडा प्रतीशिवायच काढावा लागला. खुर्च्या लोखंडी, पाठीला काही नाही, अडीच तास बसवत नाही, गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन जिने विचार करून चढा. अकराची वेळ सांगतात आणि सव्वाअकराच्या आधी कधीच सुरू झालं नाही. चहा खालच्या टपरीवरून येतो, चांगला असतो, पैसे आपले आपण. आणि बाबा लोक फार कमी येतात. सतरात तीन. खरं तर त्या चौदाव्या चॅप्टरला बाबांनीच बसायला पाहिजे, उत्तर देणारा बाप आहे तिथे. माझ्या मिस्टरांना मी पुढच्या बॅचला पाठवतेय.

चौथ्या रकान्यात मी काय लिहिलं ते लिहिते कारण विचारतील सगळे. आधी त्या बारीक रेघेवर पान नंबर लिहिला. मग लिहिलं, हरकत मागे घेते, माझी हरकत पुस्तकाला नव्हती, मला घरी बोलता येत नव्हतं त्याला होती.

शाळेला मी दुसरं पत्र दिलं, सही मागे घेतेय म्हणून, आणि त्यात चेंबूरच्या ताईंचं म्हणणं पण घातलं त्यांना विचारून. पण शाळेने तोपर्यंत पुस्तक ऐच्छिक करून टाकलं होतं, वर्गात शिकवणं बंद. सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलंय असं मीटिंगमधे शाळेतून कोणीच विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो. एका फोटोवर एवढं मोठं पुस्तक वर्गातून गेलं आणि माझी सही त्यात आहे. लेकीच्या इंग्लिशच्या बाईंनी मात्र माझं पत्र मागून घेतलं आणि झेरॉक्स काढून ठेवलंय म्हणाल्या.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, पुस्तक बहुतेक मराठी असेल. नाव नोंदवायला संध्याकाळी पाचनंतर जा, सकाळी काउंटरवर पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते आणि काकांना नीट ऐकू येत नाही. डिपॉझिटची पावती जपून ठेवा. आणि रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते नक्की बघा.